कारागृहातील श्रमगीते : आस्वादाचा एक प्रश्न

लोकगीतांचा आस्वाद घ्यावयाचा म्हणजे त्यांतील भाव, प्रतिमा आणि चाल यांचा विचार करावयाचा, अशी आपल्या समीक्षेची रीत पडून गेली आहे. गीत कोणत्या कामाच्या वेळी म्हटले जाई, एवढी नोंद संग्राहक शीर्षकाखाली करून ठेवतो आणि रसिक ती वाचून पुढे जातो. ही रीत किती अपुरी आहे हे आम्हांस आपल्या ओव्यांनीच शिकवावयास हवे होते. ते शिकवले मात्र अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या तुरुंगात ध्वनिमुद्रित झालेल्या गीतांनी, ही कबुली आरंभीच दिलेली बरी.

अॅलन लोमॅक्स या संग्राहकाने १९४७ व १९४८ या दोन वर्षी पार्चमन येथील तुरुंगशेतीवर जाऊन ही गीते ध्वनिफितीवर उतरवून घेतली. त्यांतील निवडक गीतांची तबकडी १९५७ साली अमेरिकेत निघाली. इंग्लंडात तीच गीते 'मर्डरर्स होम', म्हणजे खुन्याचे घर, या नावाने विकावयास आली. १९९७ साली दोन खंडांत त्यांचे अधिक काळजीपूर्वक संपादन झाले आणि २०१२ सालापासून लोमॅक्स यांच्या संग्रहातील हजारो ध्वनिमुद्रणे कोणासही विनामूल्य ऐकता येऊ लागली. आमच्यासारख्या आडगावच्या शिक्षकापर्यंत ती पोहोचली ती या शेवटच्या सोयीमुळे. शाळेच्या ग्रंथालयात आम्ही ती एकट्याने ऐकली, पुढे वाचकमंडळाच्या बैठकीत चारपाच वेळा ऐकवली. प्रत्येक वेळी ऐकणाऱ्यांच्या तोंडून एकच उद्गार निघाला, 'किती करुण!' आमचे भांडण या उद्गाराशी आहे.

प्रथम स्थळाची ओळख करून घेतली पाहिजे. अमेरिकेत १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द झाली; पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून करून घेतलेली सक्तमजुरी त्या दुरुस्तीनेच वगळली होती. या फटीतून दक्षिणेकडील राज्यांनी कृष्णवर्णीय कैद्यांना मळेवाल्यांकडे आणि रेल्वेच्या ठेकेदारांकडे भाड्याने देण्यास आरंभ केला. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेने ही भाडेपद्धत मोडीत काढली, आणि मग राज्य स्वतःच मळेवाला झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी पार्चमनची जमीन घेतली गेली आणि वाढत वाढत हे शेत सुमारे वीस हजार एकरांचे झाले. त्याला तटबंदी नव्हती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत कैदी कापसाच्या रानात कुदळ चालवीत, झाडे तोडीत, नांगरीत. आणि पिकाचा पैसा राज्याच्या तिजोरीत जाई. पहाऱ्यावर पगारी शिपाई थोडे असत. कैद्यांपैकीच काहींच्या हाती बंदुका देऊन त्यांना इतरांवर राखणीस ठेवले जाई. चामड्याच्या पट्ट्याने मारणे ही तेथली अधिकृत शिक्षा होती. अमेरिकेतील एक इतिहासकार डेव्हिड ओशिन्स्की यांनी १९९६ साली या शेताचा इतिहास लिहिला, त्या ग्रंथाचे नावच 'गुलामगिरीहून वाईट' अशा अर्थाचे आहे.

आता गीत ऐकावे. १९४७ सालचे एक ध्वनिमुद्रण आहे; चार माणसे कुऱ्हाडी घेऊन लाकूड तोडीत आहेत. एक जण ओळ उचलतो, बाकीचे झील धरतात. पण ज्याने हे ध्वनिमुद्रण एकदाच ऐकले आहे त्यालाही आठवतो तो आवाज माणसांचा नव्हे, कुऱ्हाडीचा. ओळीच्या ठरावीक ठिकाणी चारही पाती लाकडात शिरतात आणि गीताच्या मागे जणू जमीनच हुंकारते. हा साथीचा ताल नाही. साथ ही गाण्यासाठी असते. येथे गाणे घावासाठी आहे. चार माणसे जवळजवळ उभी राहून धारदार लोखंड फिरवीत असता एकाचा हात क्षणभर आधी किंवा मागे पडला तर पाय तुटावयाचा. गीत त्यांना एका श्वासात बांधून ठेवते. त्याचे दुसरेही एक काम आहे, ते अधिक सूक्ष्म आहे. सर्वांचे हात एकत्र वर जातात आणि एकत्र खाली येतात, तेव्हा कोण दमला, कोण आजारी, कोण नवखा, हे पहारेकऱ्यास दिसत नाही. मंद हाताला तालाच्या आड लपता येते. ज्या ठिकाणी मागे पडणाऱ्यास पट्ट्याचे फटके बसतात, त्या ठिकाणी चाल किती जलद धरावी हे म्होरक्याने ठरवावयाचे असते, आणि ते ठरविण्याइतकी सत्ता त्या रानात दुसऱ्या कोणत्याही कैद्यापाशी नव्हती.

हे लक्षात आले म्हणजे रचनेचे पुष्कळसे कोडे सुटते. ही गीते कागदावर उतरवली तर दरिद्री दिसतात. एकच ओळ दोनदा, तीनदा. मध्येच अर्थहीन उद्गार. कडवी एकमेकांशी असंबद्ध. आमच्या मंडळातील एका व्यासंगी सभासदांनी शब्द वाचून दाखवावयास सांगितले आणि ऐकून ते निराश झाले. वस्तुतः ओळीची पुनरावृत्ती म्हणजे म्होरक्याने पुढची ओळ जुळविण्यासाठी मिळविलेली उसंत आहे. आणि ओळीअखेरची जी पोकळी कागदावर दिसते तेथे घाव आहे. छंदःशास्त्रात आपण यतीची चर्चा करतो आणि यती हा श्वासासाठी असतो असे विद्यार्थ्यांना सांगतो. येथे यतीच्या जागी लोखंड आहे. टेक्सासच्या तुरुंगांत १९६४ ते १९६६ या काळात अशीच गीते जमविणाऱ्या ब्रूस जॅक्सन यांना असे आढळले की, म्होरक्या होण्यासाठी गोड गळा असावा लागत नाही. आवाज लांबवर पोहोचला पाहिजे आणि वेळ चुकता कामा नये. ज्याला आपण मैफिलीत गायक म्हणू तो रानात मागे उभा असू शकतो. आपल्याकडे कापणीच्या वेळी भलरी म्हणणाऱ्यांतही हाच दंडक असे, असे जुन्या शेतकऱ्यांकडून आम्ही ऐकले आहे. तथापि साम्य तेथेच थांबते. भलरीच्या मागे बंदूक उभी नव्हती.

मग यांत करुण काय आहे? पार्चमन करुण आहे हे खरे; गीतही करुण आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. या गीतांत रोझी नावाच्या एका स्त्रीला वारंवार हाक घातली जाते. त्या हाकेत विरह असतो तशी थट्टा असते, मिजासही असते. पळून गेलेल्या आणि न सापडलेल्या कैद्यांच्या बढाया असतात. मुकादमाविषयी जे सरळ बोलणे शक्य नाही ते त्याच्या कानादेखत, त्याला कळेल न कळेल अशा आडवळणाने म्हटलेले असते. आपल्या रसचर्चेची परिभाषाच वापरावयाची तर येथील स्थायीभाव शोकापेक्षा उत्साहाच्या अधिक जवळचा आहे. हा उत्साह रणांगणावरचा नव्हे. दिवस मावळेपर्यंत उभे राहावयाचे आहे, एवढ्यापुरता तो असतो. श्रोत्याला करुणा वाटते ती स्वतःची आहे, आणि ती गीतावर लादण्यात श्रोत्याची थोडी सोयही असते, असे आम्हांस वाटू लागले आहे. दुसऱ्याला दीन समजले की आपण दयाळू ठरतो. इंग्लंडातील प्रकाशकाने खुन्याचे घर हे नाव निवडले तेव्हा श्रोत्याची दुसरी एक सोय पाहिली होती : दयेच्या जोडीला थोडे भय. ते शब्द मुळात कैद्यांच्याच गीतातले आहेत. पण कैद्याने आपल्या तुरुंगाला खुन्याचे घर म्हणणे आणि वेष्टनावर ते नाव छापून तबकडी विकणे यांत फार अंतर आहे.

येथे संग्राहकाचा विचार करणे प्राप्त आहे. अॅलन यांचे वडील जॉन लोमॅक्स यांनी १९३३ च्या उन्हाळ्यात मुलाला बरोबर घेऊन दक्षिणेतील तुरुंगांचा दौरा केला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी हे काम होते. तीनशे पौंडांहून जड असे ध्वनिमुद्रणयंत्र मोटारीच्या मागच्या भागात बसवलेले होते. तुरुंगच का निवडले, याचे त्यांचे उत्तर स्पष्ट होते. नभोवाणी आणि ग्रामोफोन यांनी बाहेरच्या लोकांची गीते बिघडवून टाकली आहेत; जे दीर्घकाळ बंद आहेत त्यांच्याच मुखी जुनी गीते शुद्ध स्वरूपात सापडतील. म्हणजे तुरुंग ही लोणच्याची बरणी झाली! या कल्पनेत तथ्य किती होते हे त्यांच्याच एका ध्वनिमुद्रणावरून कळते. १९३९ साली त्यांनी पार्चमनमध्ये बुका व्हाइट या कैद्याची दोन गीते घेतली. हा बुका व्हाइट तुरुंगात येण्यापूर्वीच व्यावसायिक तबकड्यांसाठी गाऊन चुकला होता. बरणीचे झाकण संग्राहकास वाटले तितके घट्ट नव्हते. कैदी आत येताना बाजारातील गाणी घेऊन येत आणि बाहेर जाताना तुरुंगातील गाणी घेऊन जात.

शुद्धतेच्या या कल्पनेपेक्षाही गंभीर प्रश्न संमतीचा आहे. स्वतः जॉन लोमॅक्स यांनीच एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. ऐहिक गाणी म्हणणे पाप आहे असे मानणाऱ्या एका कैद्याने गावयास नकार दिला. तुरुंगाधिकाऱ्याच्या आज्ञेपुढे त्याचे काही चालले नाही. तेव्हा त्याने यंत्रासमोर उभे राहून आधी देवाची क्षमा मागितली आणि मग गीत म्हटले. लोमॅक्स यांनी हा प्रसंग लपविला नाही, हे त्यांच्या पदरात टाकले पाहिजे. परंतु त्याचे ओझेही त्यांना फारसे वाटलेले दिसत नाही. आपल्याकडे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. तेथे बोलणारा कैदी होता तसा टिपणाराही कैदी होता. सायंकाळी दोघांच्याही मागे दार बंद होत असे. मिसिसिपीत टिपणारा सायंकाळी मोटारीत बसून निघून जाई. या फरकाने ध्वनिमुद्रणाचे मोल कमी होते असे आम्ही म्हणत नाही. पण ते ऐकताना हा फरक विसरता येत नाही.

आम्ही हे इतक्या आग्रहाने का लिहीत आहो, याचे कारण सांगणे भाग आहे. नव्वदच्या आसपास, पदवी घेऊन नुकतेच शिक्षक झालो असता आम्हांस ओव्या जमविण्याचा छंद लागला होता. सीमाभागातील एका खेड्यात आमची मावशी राहत असे. तिला शेकडो ओव्या येतात अशी घरात ख्याती होती. आम्ही कॅसेटचे यंत्र घेऊन गेलो. ओसरीवर बसून ती म्हणू लागली, पण दोन ओव्यांनंतर तिसरी आठवेना. खुंट्यावर हात असल्याशिवाय ओठांवर शब्द येत नाहीत, असे तिनेच सांगितले. गावात पिठाची गिरणी येऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती आणि जाते गोठ्याच्या कोपऱ्यात उपडे पडले होते. आम्ही ते उचलवून आणले, धुऊन घेतले आणि साठी उलटलेल्या त्या बाईला दळावयास बसविले. तिने विचारले, "तुला गाणं पाहिजे काय पीठ पाहिजे रे?" आम्हांस तो विनोद वाटला. घरघरीसकट दोन बाजू भरून ओव्या मिळाल्या, आणि आम्ही धन्य झालो. पुढचे आठ दिवस तिचा उजवा खांदा उचलत नव्हता, हे आम्हांस महिन्याने कळले. मावसभावाने ते रागाने सांगितले नाही, सहज सांगितले.

ती कॅसेट अजून आमच्यापाशी आहे. तीत घास घालताना ओवी कशी थांबते आणि पाळी फिरू लागली की कशी पुन्हा उचलली जाते, हे स्पष्ट ऐकू येते. पार्चमनच्या कुऱ्हाडी ऐकताना आम्हांस ती आठवली. संग्राहकाला काम ऐकावयाचे असते. कामगाराला ते संपवावयाचे असते. लोमॅक्स पितापुत्रांना दोष देण्यापूर्वी आम्हांस आमचे नाव त्या यादीत लिहिणे प्राप्त होते.

कुऱ्हाडीची गीते आणि ब्लूज यांत एक भेद आहे, तो आतापर्यंत आम्ही बाजूला ठेवला होता. लोक या सर्वांसच ब्लूज म्हणतात. काटेकोर अर्थाने ब्लूज हे एकट्याचे गाणे आहे. बहुधा गिटारीवर म्हटलेले, बारा मात्रागणांच्या चौकटीतले, पहिली ओळ दोनदा म्हणून तिसरीने तिला उत्तर देणारे. टोळीचे श्रमगीत हे त्याचे पूर्वज म्हणता येईल. तुरुंगात दोन्ही होती. दिवसा रानात टोळीचे, रात्री बराकीत एकट्याचे. या दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे लुइझियाना राज्यातील अँगोला तुरुंगात हॅरी ऑस्टर यांनी ध्वनिमुद्रित केलेला रॉबर्ट पीट विल्यम्स. ऑस्टर हे तेथील विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापक होते. १९५६ साली मद्यगृहातील एका भांडणात विल्यम्सच्या हातून माणूस मेला. स्वसंरक्षणासाठी आपण गोळी झाडली असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने जन्मठेप दिली. १९५९ च्या सुमारास तो ऑस्टर यांच्यासमोर बसला आणि त्याने जे म्हटले त्याला गीत म्हणावे की बोलणे हे ठरविणे कठीण आहे. गिटारीवर बोटे फिरत असतात आणि तो नुसता बोलत असतो : अंगातली शक्ती ओसरत चालल्याची खंत, घरच्यांची काळजी. बोलता बोलता एखाद्या शब्दावर स्वर चढतो आणि ते गाणे होते, मग पुन्हा बोलण्यात उतरते. बारा गणांची चौकट त्याने कधीच सोडून दिलेली आहे. गिटारीला त्याच्या मागे धावावे लागते. आमच्या मते या सर्व ध्वनिमुद्रणांत निव्वळ काव्य म्हणून याहून श्रेष्ठ काही नाही. येथे 'करुण' हा शब्द वापरण्यास आमची हरकत नाही, कारण तो शब्द गायकाने स्वतः कमावला आहे.

हेही खरे की विल्यम्सच्या समोर एक विशिष्ट श्रोता होता. ऑस्टर यांच्या खटपटीने त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो पॅरोलवर सुटला. पण अट अशी की, एका शेतमालकाकडे आठवड्याला ऐंशी तास विनावेतन राबावयाचे. १९६४ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गाण्यासाठी तो राज्याबाहेर जाऊ शकला. त्याच्या आधी लेडबेली या नावाने प्रसिद्ध झालेला हडी लेडबेटर अँगोलातून १९३४ साली सुटला तेव्हा गव्हर्नरसाठी गाऊन त्याने सुटका मिळवली अशी कथा पसरली. कागदपत्रे सांगतात की चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणाऱ्या सुटीने त्याची मुदतच संपली होती. कथा मात्र तबकड्यांबरोबर विकली गेली. गाण्याने दार उघडते ही कल्पना श्रोत्यांना फार प्रिय असते. दाराची किल्ली कोणाकडे होती हे मग विचारावे लागत नाही.

नावांविषयी थोडे. १९५७ च्या तबकडीवर गायकांची खरी नावे नव्हती. 'बावीस', 'लिटल रेड', 'टँगल आय', 'हार्ड हेअर', 'बामा' अशी टोपणनावे होती. ही गुप्तता गायकांच्या रक्षणासाठी होती, आणि तिच्यामागची भीती त्या काळी खोटी नव्हती. आपल्या संतकवीने अभंगाच्या शेवटच्या चरणात आपले नाव गुंफले, आणि शेकडो वर्षे कोणी ते पुसू शकले नाही. 'बावीस' म्हणजे बेनी विल रिचर्डसन, हे कळावयास नवे संपादन यावे लागले. त्याच वेळी लेडबेलीच्या गाजलेल्या गीतांच्या स्वामित्वहक्कात लोमॅक्स हे नाव सहकर्ता म्हणून दाखल झालेले होते. ज्याची मुद्रा असावयास हवी त्याचे टोपणनाव, आणि ज्याने यंत्र चालविले त्याचे नाव कायद्याच्या कागदावर, ही व्यवस्था पुष्कळ काळ चालली.

याला एक अपवाद घडला तो सांगण्यासारखा आहे. १९५९ च्या सप्टेंबरात अॅलन लोमॅक्स पुन्हा मिसिसिपीत आले, या वेळी नव्या यंत्रासह. जेम्स कार्टर नावाचा कैदी लाकूड तोडणाऱ्या टोळीचा म्होरक्या होता. शेरिफच्या माणसांनी ठार केलेल्या लाझरसची जुनी कथा त्याने कुऱ्हाडीच्या तालावर म्हटली. हे ध्वनिमुद्रण २००० साली एका अमेरिकन चित्रपटाच्या आरंभी वापरले गेले, चित्रपटातील गीतांच्या तबकड्या लाखांनी खपल्या, आणि त्या संग्रहास २००२ साली वर्षातील सर्वोत्कृष्ट म्हणून ग्रॅमी पारितोषिक मिळाले. लोमॅक्स संग्रहाच्या माणसांनी शोध करून कार्टर यांना शिकागोत गाठले. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. वीस हजार डॉलरांचा पहिला धनादेश त्यांच्या हाती देण्यात आला; पारितोषिक समारंभासही ते गेले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. बेचाळीस वर्षांनी का होईना, नाव आणि मोबदला गायकाच्या घरी पोहोचला. पण टोळीत त्यांच्याबरोबर आणखीही माणसे होती. झीलकऱ्यांचे घाव त्या ध्वनिमुद्रणात कार्टर यांच्या आवाजाइतकेच स्पष्ट आहेत, आणि ध्वनिमुद्रणाच्या शीर्षकात त्यांची नोंद आजही 'आणि कैदी' अशीच होते.

ही गीते संपली. ब्रूस जॅक्सन टेक्सासमध्ये गेले तेव्हाच तरुण कैदी ती म्हणण्यास नाखूष होते. गुलामगिरीच्या काळची गोष्ट, असे त्यांना वाटे. यंत्रे आली, कामे बदलली. १९७२ साली गेट्स विरुद्ध कॉलियर या खटल्यात न्यायाधीश विल्यम कीडी यांनी पार्चमनची व्यवस्था घटनाविरोधी ठरविली आणि बंदूकधारी कैद्यांची पद्धत मोडण्याचा आदेश दिला. लोकसाहित्याच्या अभ्यासकाने यावर हळहळावे काय? आमच्या मंडळातील चर्चेत बहुतेकांनी हळहळ व्यक्त केली. 'एक परंपरा लुप्त झाली' असे वाक्यही कोणी उच्चारले. आम्ही त्यास विरोध केला, आणि आमच्या वयाच्या मुख्याध्यापकास शोभणार नाही इतक्या चढ्या आवाजात केला. गिरणी आली आणि ओवी थांबली तेव्हा जात्यासाठी रडलेली बाई आमच्या पाहण्यात नाही. आमची मावशी तर नाहीच. जी रचना एका विशिष्ट जुलमाला पुरे पडण्यासाठी निर्माण झाली, ती त्या जुलमाबरोबर गेली तर तिने आपले काम पुरे केले असे समजावे. तिचा आदर करावयाचा तर तिच्यातील कारागिरी ऐकावी. तिच्या पुनरुज्जीवनाच्या गोष्टी करू नयेत, आणि रंगमंचावर कोरडी कुऱ्हाड फिरवून ती गाऊही नये.

आमच्या या मतावर प्रतिपक्षाने एक उत्तर दिले ते वजनदार होते, म्हणून नोंदवितो. गीत संपले म्हणजे राबणे संपले असे नव्हे. अँगोलाच्या शेतात कैद्यांना अत्यल्प मोबदल्यावर राबविले जाते म्हणून २०२३ साली तेथील कैद्यांनी न्यायालयात दावा दाखल केला. उन्हाच्या काहिलीत काम करावे लागते ही त्यातील प्रमुख तक्रार होती. मग गीत गेले आणि शेत राहिले, तर हानी कोणाची झाली? या प्रश्नास आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. गीत कैद्याला देत असे ते आता त्याला काय देते, हे बाहेर बसून सांगता येणार नाही, एवढेच आम्ही म्हणू शकलो.

आणखी एका ध्वनिमुद्रणाने आमच्या मांडणीत अडचण निर्माण केली आहे. १९३९ साली हर्बर्ट हॅलपर्ट यांनी पार्चमनच्या स्त्री-विभागातील शिवणखोलीत काही गीते मुद्रित केली. ती निवडक स्वरूपात १९८७ साली प्रथम तबकडीवर आली. त्या खोलीत कैदी स्त्रिया इतर कैद्यांचे कपडे शिवीत. त्यांत मॅटी मे थॉमस या स्त्रीचा आवाज आहे. साथीला काही नाही. कुऱ्हाड नाही, झील नाही, टाळीही नाही. तरीही प्रत्येक ओळीअखेर ती थांबते, आणि ते थांबणे ठरावीक मोजमापाचे आहे. कोणत्या हत्याराने तिला ते माप शिकवले? शिवणयंत्राच्या पायटीने म्हणावे, तर गती जुळत नाही. कदाचित ते माप तिने तुरुंगात येण्यापूर्वीच कोठल्या तरी रानात घेतले असेल, किंवा ते सर्वस्वी तिचेच असेल. आम्ही ते गीत पुन्हा पुन्हा ऐकत आहो आणि घाव कोठे पडतो ते अजून सापडलेले नाही.